एकच जाति, अनेक गंध

(नभोवाणीवरील भाषण)



खानदेशच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरतां सरतां एक उंच गवत फुलावर येतें. आपण त्याला रोशा म्हणतों. त्याचा तुरा चुरगळला कीं, हाताला गुलाबासारखा मधुर वास लागतो. या गवताचें तेल एके काळीं मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें पार कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई, आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरांत भेसळ करण्यासाठीं त्याचा उपयोग होई. व्यापारी त्याला "तुर्की जिरेनियमचें तेल" म्हणत. वस्तुतः तें तुर्कस्तानचेंहि नव्हे आणि जिरेनियमच्या झाडाचेंहि नव्हे. तें आपल्याकडील एका रानगवताचें तेल होतें.

हें तेल काढणारे लोक फार पूर्वींपासून रोशाचे दोन प्रकार ओळखीत आले आहेत. एक मोतिया आणि दुसरा सोफिया. मोतियाच्या तेलांत जिरॅनिऑल नांवाचें द्रव्य विपुल असतें. गुलाबाचा भास होतो तो त्याच्यामुळें. सोफियाच्या तेलांत हें द्रव्य बरेंच कमी असून इतर द्रव्यांचा भरणा अधिक, म्हणून त्याचा दर्जा हलका मानतात. मोतिया मोकळ्या, कोरड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर सुटे सुटे झुबके करून वाढतो. सोफियाला अधिक ओलसर जागा मानवते व तेथें तो दाट माजतो. मात्र दोन्हींचीं पानें व तुरे शेजारीं शेजारीं ठेविले, तर नवख्या माणसाला त्यांतला फरक सांगतां येणार नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दोन्हींना एकाच जातींत घातलें आहे.

मीं पुष्कळ वर्षें शाळेंत मुलांना असें शिकविलें कीं, पानाचा आकार पाहा, पाकळ्या मोजा, फळ चिरून बीं तपासा, म्हणजे वनस्पतीची जाति ठरली. आणि जाति ठरली कीं तिची ओळख पुरी झाली. यांतील पहिलें विधान खरें आहे. दुसरें मात्र खरें नाहीं, हें मला पुढें वाचनानें कळून आलें. एका जातीचीं झाडें रूपानें सारखीं असूनहि त्यांच्या अंगांतील रसायनें अगदीं भिन्न असूं शकतात. आणि त्या भिन्नतेवरच त्या झाडाला कोण खाईल, शेजारीं कोण उगवेल आणि येत्या हिंवाळ्यांत तें जगेल कीं मरेल, हें पुष्कळ अंशीं ठरत असतें. आज याच विषयासंबंधीं चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

प्रथम हीं रसायनें झाडाला हवीत कशाला, हें पाहूं. साखर, पिष्ट, प्रथिनें हीं द्रव्यें झाडाच्या पोषणासाठीं व वाढीसाठीं लागतात. तीं सर्व झाडांत थोड्याफार फरकानें सारखींच. परंतु तुळशीचा सुगंध, कडुनिंबाचा कडवटपणा, मिरचीचा तिखटपणा, मोहरीचा झणझणीतपणा यांचा पोषणाशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं. हरणामागें वाघ लागला तर हरीण पळून जातें. झाडामागें अळी लागली तर झाडानें कोठें पळावें? त्याला जागा सोडतां येत नाहीं, म्हणून त्यानें आपल्या संरक्षणाची सामग्री स्वतःच्या शरीरांतच सिद्ध केली. वास, चव आणि विष हीं त्याचीं शस्त्रें होत. त्याचबरोबर तींच त्याचीं निमंत्रणपत्रेंहि आहेत; कारण फुलाच्या वासानें मधमाशी येते तीहि अशाच रसायनांच्या योगानें.

आतां प्रश्न असा कीं, एखाद्या जातीला उत्तम शस्त्र सांपडलें असेल, तर तिच्यांतल्या सगळ्या झाडांनीं तेंच कां धारण करूं नये? एकाच्या हातीं तलवार, दुसऱ्याच्या हातीं भाला, तिसरा निःशस्त्र, असा प्रकार कां असावा? याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण फ्रान्सच्या दक्षिणेस जाऊं. कारण या प्रश्नाचा जेथें अनेक वर्षें चिकाटीनें अभ्यास झाला, असें एक ठिकाण तेथें आहे.

मोंपेल्ये शहराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर सँ-मार्तँ-द-लोंद्र नांवाचें लहानसें गांव आहे. त्याच्या भोंवतीं चुनखडीच्या टेकड्या असून मधोमध बशीसारखें खोलगट मैदान आहे. टेकड्यांवर व मैदानांत थाइम नांवाचें वीतभर उंचीचें झुडूप वाढतें. हें आपल्या तुळशीच्याच कुळांतलें. पान बारीक, फूल फिकट जांभळें, आणि पानांवर सूक्ष्म तैलग्रंथि. पान चुरलें कीं या ग्रंथि फुटतात व वास दरवळतो. फ्रेंच गृहिणी रश्श्यांत हीं पानें घालतात.

डोळ्यांना हीं सर्व झुडपें एकसारखींच दिसतात. परंतु त्यांचें तेल तपासलें तेव्हां दक्षिण फ्रान्समध्यें या एका जातीचे सहा प्रकार आढळले. प्रत्येक झुडपाच्या तेलांत एक कोणतें तरी द्रव्य प्रमुख असतें. कांहींत जिरॅनिऑल, म्हणजे आपल्या रोशांतलें द्रव्य. कांहींत लिनॅलूल, जें आपल्या धण्यांच्या तेलांत मुख्यत्वेंकरून असतें. कांहींत थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याचा जो उग्र दर्प तो. कांहींत त्याचा भाऊ शोभेल असें कार्व्हॅक्रॉल, जें पानओव्यांतहि सांपडतें. आणि उरलेल्या दोन प्रकारांत टर्पिनिऑल व थुजानॉल. अशा प्रकारांस शास्त्रांत केमोटाइप म्हणतात; आपण त्यांना रसायनभेद म्हणूं. फ्रान्समध्यें थाइमचें तेल विकतांना बाटलीवर त्याच्या रसायनभेदाचें नांव घालण्याची चाल आहे. कारण नुसतें "थाइम" म्हटल्यानें आंत काय आहे हें कळत नाहीं.

हा भेद मातीमुळें किंवा खतामुळें पडलेला नाहीं, तो आनुवंशिक आहे. व्हेर्ने, गुयों व वाल्देरों या फ्रेंच संशोधकांनीं त्याची उपपत्ति १९८६ सालीं प्रसिद्ध केली. ती एका दृष्टान्तानें सांगतां येईल. एका लांब ओसरीवर ओळीनें दारें आहेत अशी कल्पना करा. पहिलें दार जिरॅनिऑलचें. तें उघडें असेल, तर सगळा माल तेथेंच आंत जातो व पुढें कांहीं सरकत नाहीं. तें बंद असेल तर माल दुसऱ्या दाराशीं येतो. तेंहि बंद असेल तर तिसऱ्याशीं. असें करतां करतां पहिलीं सगळीं दारें बंद असतील, तरच शेवटीं थायमॉल तयार होतें. हीं दारें उघडीं ठेवावयाचीं कीं बंद, हें निरनिराळ्या जनुकांच्या हातीं असतें. म्हणून जिरॅनिऑलच्या दोन झुडपांच्या संकरांतून एखादें थायमॉलचें बाळ जन्मास येऊं शकतें. आजोबांचे डोळे नातवांत उमटावेत, तसाच हा प्रकार आहे.

या सहांपैकीं थायमॉल व कार्व्हॅक्रॉल हीं दोन द्रव्यें फिनॉल वर्गांतलीं, उग्र व तिखट. बाकीचीं चार सौम्य. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत संशोधकांनीं त्या खोऱ्यांत कोठें कोणतें झुडूप आहे याचा नकाशा तयार केला, तेव्हां एक मोठी चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडली. टेकड्यांच्या उतारांवर बहुतेक झुडपें उग्र. खोऱ्याच्या तळाशीं बहुतेक सौम्य. एका वस्तीपासून दुसरीपर्यंत सहज पायीं जातां येईल इतकेंच अंतर. मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात. तरीहि सीमारेषा ठळक!

याचें कारण थंडी. हिंवाळ्याच्या निरभ्र रात्रीं थंड हवा जड होऊन उतारांवरून खालीं वाहते आणि खोलगट जागीं तळ्यासारखी साचते. आपल्याकडेहि पौष महिन्यांत पहाटे दरीच्या तळाशीं धुकें कोंडलेलें दिसतें व वरचा माथा मोकळा असतो. तोच हा प्रकार. सँ-मार्तँच्या खोऱ्यांत तळाशीं कडाक्याची गोठण होई आणि वर उतारावर थंडी पुष्कळ सौम्य राही. प्रयोगांतीं असें ठरलें कीं, हिंवाळ्याच्या आरंभीं एकाएकीं कडक गोठण आली म्हणजे उग्र रसायनाचीं झुडपें मरतात व सौम्य रसायनाचीं तग धरतात. उलट उन्हाळ्याच्या कोरड्या तापांत उग्र झुडपें अधिक टिकाव धरतात आणि सौम्य झुडपें हार खातात. म्हणजे खालीं थंडीनें निवड केली, वर उन्हानें केली. जाति एक, पण परीक्षक दोन आणि प्रश्नपत्रिकाहि दोन.

आतां खाणाऱ्यांकडे वळूं. थाइमचीं पानें गोगलगाय खाते, शंखहीन गोगलगाय खाते, नाकतोडे व भुंगेरे खातात, आणि त्या माळांवर शेळ्यामेंढ्याहि चरतात. या निरनिराळ्या प्राण्यांपुढें निरनिराळ्या रसायनभेदांचीं पानें ठेवून संशोधकांनीं त्यांची आवड-नावड पाहिली. गोगलगायीला उग्र फिनॉल नकोसें वाटतें, लिनॅलूलचें तिला तितकें वावडें नाहीं. पण सर्वांचा निकाल एकसारखा लागला नाहीं. ज्याला एक प्राणी नाक मुरडतो, तें दुसरा आनंदानें चघळतो. सर्व शत्रूंना सारखेंच पळवून लावील असें एकहि रसायन निघालें नाहीं. आमचा मघांचा प्रश्न असा होता कीं, सर्व झाडांनीं एकच उत्तम शस्त्र कां धारण करूं नये? त्याचें अर्धें उत्तर येथें मिळतें: सर्व शत्रूंवर चालेल असें उत्तम शस्त्र अस्तित्वांतच नाहीं.

आणि हा परिणाम झुडपाच्या अंगापुरताच राहत नाहीं. पानें गळून कुजतात, त्यांतलीं द्रव्यें मातींत उतरतात व शेजारच्या बियांना तीं जाणवतात. थाइमच्या शेजारीं तेथें ब्रोमस जातीचें एक गवत वाढतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसलें कीं, हें गवत ज्या रसायनभेदाच्या शेजारीं पिढ्यान् पिढ्या वाढत आलें, त्याच्याच खालच्या मातींत तें अधिक चांगलें वाढतें. परक्या रसायनभेदाच्या मातींत तें तितकें रमत नाहीं. शेजाऱ्याचा स्वभाव ओळखून आपण वागावें, तसें हें गवत त्या झुडपाच्या गंधाला सरावलें आहे. म्हणजे झुडपाचें रसायन बदललें, कीं शेजाऱ्याच्या संसारांतहि फरक पडतो.

दुसरें उदाहरण पांढऱ्या क्लोव्हरचें. हें तीन पानांचें, जमिनीलगत पसरणारें, शेंगवर्गीय रोप मूळचें युरोपकडचें. पण कुरणांतील चाऱ्यासाठीं त्याचा प्रसार जगभर झाला. याचीं कांहीं रोपें पान चघळतांच हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे एक भयंकर विष, सोडतात. कांहीं मुळींच सोडीत नाहींत. यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे कीं, कोवळी किंवा पाण्याच्या ताणानें खुरटलेली ज्वारी जनावरानें खाल्ली तर तें दगावण्याची भीति असते. तेथेंहि विष हेंच.

क्लोव्हरची योजना मोठी कुशल आहे. विष तयार स्थितींत ठेविलें तर रोप स्वतःच मरेल. म्हणून विषाचें मूळद्रव्य पेशीच्या एका कप्प्यांत आणि त्याला फोडून विष मोकळें करणारा पाचकरस पेशीच्या भिंतींत, असे दोन भाग अलग ठेवलेले असतात. दारूगोळा एका कोठारांत व पलिता दुसऱ्यांत, तशांतला हा प्रकार. गोगलगायीनें पान चावलें, पेशी फुटली, दोन्ही एकत्र आलीं, कीं विष निघतें. मूळद्रव्य एका जनुकावर अवलंबून व पाचकरस दुसऱ्यावर. दोन्ही जनुकें क्रियाशील असतील तरच रोप विषारी. एकाची जरी उणीव असली तरी बिनविषारी. एकाच कुरणांत हीं सर्व प्रकारचीं रोपें शेजारीं शेजारीं नांदतात, आणि गोगलगायी बिनविषारी रोपें अधिक खातात.

मग बिनविषारी रोपें नष्ट कां झालीं नाहींत? येथेंहि थंडीच आडवी येते. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणींत असें दिसून आलें कीं, युरोपच्या सौम्य हिंवाळ्याच्या नैर्ऋत्य भागांत व भूमध्य समुद्राकडे विषारी रोपें पुष्कळ, आणि तेथून ईशान्येकडे रशियाच्या दिशेनें जावें तसतशीं तीं कमी होत जाऊन अखेर जवळजवळ नाहींशीं होतात. आल्प्स पर्वतावर वर चढत गेल्यासहि तोच अनुभव. हिमानें पेशी फुटल्या, तर शत्रूवांचूनच कोठार पेटतें व रोप आपल्याच विषानें पोळतें, असें यांचें एक स्पष्टीकरण दिलें जातें. शिवाय शस्त्र बाळगण्याचाहि खर्च असतो. जेथें शत्रु थोडे तेथें तो खर्च अंगावर येतो.

हा विषय केवळ दूरच्या कुरणांपुरता आहे असें मात्र समजूं नका. २०२२ सालीं क्लोव्हरची एक जगव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. २६ देशांतील १६० शहरें व त्यांच्या भोंवतालचीं खेडीं यांतून सुमारे १ लक्ष १० हजार रोपें गोळा करून त्यांतील विष तपासण्यांत आलें. पुष्कळ शहरीं असें आढळलें कीं, गांवाच्या मध्यभागाकडून बाहेर रानाकडे जावें तसतसें विषारी रोपांचें प्रमाण वाढत जातें. कांहीं ठिकाणीं उलटहि दिसलें आणि कांहीं ठिकाणीं मुळींच फरक दिसला नाहीं. खाणारे प्राणी आणि हवेचा कोरडेपणा या दोन गोष्टींचा या फरकाशीं संबंध असल्याचा पुरावाहि मिळाला. आपण रस्ते, इमारती व फरसबंदी वाढवितों तेव्हां त्यांच्या कडेच्या एका सामान्य तणाच्या अंगांतलें रसायनहि त्याबरोबर बदलत असतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

खाणारा बदलला कीं रसायनभेदांचें प्रमाण बदलतें, याचा प्रत्यक्ष प्रयोगानें ताळा पाहावयाचा असेल तर तोहि झाला आहे. मोहरीच्या कुळांत अॅराबिडॉप्सिस नांवाचें एक चिमुकलें रोप आहे. मोहरीचा झणझणीतपणा ज्या द्रव्यांमुळें येतो तीं द्रव्यें यांतहि असतात, आणि त्यांचे अनेक प्रकार या एका जातींत आढळतात. युरोपच्या एका भागांत कोबीवरचा मावा प्रबळ, तर दुसऱ्या भागांत मोहरीवरचा मावा. हा दुसरा मावा आपल्याकडील मोहरीच्या शेतकऱ्यांच्याहि परिचयाचा आहे. या दोन किडींचें क्षेत्र आणि या रोपांच्या रसायनभेदांचें क्षेत्र यांचा मेळ बसतो असें दिसलें. पुढें संशोधकांनीं मिश्र रोपें लावून त्यांवर मावा सोडला व पांच पिढ्या तसेंच चालू ठेविलें. तेव्हां ज्या मिश्रणावर जो मावा, त्याला अनुसरून रोपांतील रसायनभेदांचें प्रमाण पालटत गेलें. हें काम २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. पांच पिढ्या म्हणजे त्या रोपाच्या मानानें फार काळ नव्हे. निसर्गाची निवड ही युगायुगांनीं घडणारी गोष्ट आहे अशी आपली समजूत असते. ती अशा वेळीं सुधारून घ्यावी लागते.

कोणी विचारील, "या गोष्टीशीं आमच्या संसाराचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो स्वयंपाकघरापर्यंत पोंचतो. उपवासाचा साबुदाणा आपल्या देशांत टॅपिओकाच्या कंदापासून करतात. या टॅपिओकांत क्लोव्हरमधलेंच विषाचें मूळद्रव्य असतें. एकाच जातींत कांहीं वाण गोड, ज्यांत तें थोडें. कांहीं कडू, ज्यांत तें पुष्कळ. साबुदाणा करतांना कंद किसून, धुऊन, भाजून तें काढून टाकलेलें असतें, म्हणून श्रोत्यांनीं चिंता करूं नये. पण आफ्रिकेंत व दक्षिण अमेरिकेंत कित्येक शेतकरी कडू वाण जाणूनबुजून लावतात. कारण रानटी जनावरें व उंदीर त्याची नासधूस कमी करतात. स्वयंपाकाला त्रास अधिक, पण पीक हातीं लागण्याची शाश्वति अधिक. जें आपल्याला "दोष" वाटतें, तें शेतांत उभ्या असलेल्या झाडाचें कवच असतें.

आतां पुन्हां सँ-मार्तँच्या खोऱ्यांत जाऊं, कारण तेथली कथा अपुरी राहिली आहे. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ज्या जागीं झुडपें तपासलीं होतीं, त्याच जागीं २००९ व २०१० सालीं तीं पुन्हां तपासण्यांत आलीं. मधल्या काळांत पृथ्वीचें हवामान तापत गेलें होतें व त्या खोऱ्यांतल्या हिंवाळ्याची पूर्वींची कडक गोठण विरळ झाली होती. परिणाम काय झाला? जेथें पूर्वी केवळ किंवा बहुतेक सौम्य झुडपेंच होतीं, तेथें उग्र झुडपें येऊन बसलेलीं किंवा वाढलेलीं आढळलीं. चाळीस वर्षांच्या आंत, एका माणसाच्या नोकरीच्या काळांत, गंधांचा नकाशा सरकला! संशोधकांनीं हें २०१३ सालीं जाहीर केलें.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारें लावतां येतो, आणि दोन्ही ध्यानांत घेण्याजोगे आहेत. एक अर्थ दिलासा देणारा. ज्या जातीच्या पोटीं विविधता आहे ती बदलत्या काळाशीं जुळवून घेऊं शकते. थाइमजवळ दोन प्रकारचीं झुडपें होतीं म्हणूनच थंडी ओसरल्यावर ती रिकामी जागा भरून काढूं शकली. दुसरा अर्थ सावधगिरीचा. सौम्य झुडपें अशींच मागें हटत गेलीं आणि एके वर्षीं १९५६ च्या फेब्रुवारींत दक्षिण फ्रान्सवर कोसळली तशी थंडीची लाट पुन्हां आली, तर तिला तोंड देणारीं झुडपें तेथें किती उरलीं असतील? हा प्रश्न थाइम नांवाची जाति जगेल कीं नाहीं, एवढाच नाहीं. त्या जातीच्या पदरीं उत्तरें किती उरलीं, हा आहे.

वनस्पतींचें रक्षण करावयाचें म्हणजे यादींतल्या प्रत्येक नांवापुढें एक खूण करावयाची, अशी आपली कल्पना असते. बागेंत एक झाड लावलें, बियांची एक पुडी कपाटांत ठेवली, कीं "ही जाति राखली" असें आपण म्हणतों. परंतु एका झुडपांत सहा रसायनभेद मावत नाहींत. खोऱ्याच्या तळाचें बीं जपलें आणि उताराचें विसरलें, तर जातीचें नांव राहिलें, पण तिचें अर्धें सामर्थ्य गेलें.

रोशाचीहि गोष्ट अशीच. लागवड करणारा मोतियाचेंच बीं निवडून पेरतो, आणि तें त्यानें करावेंच. शेतांत सोफिया मिसळला तर तेलाचा दर उतरतो. पण शेतांतला न्याय रानाला लावूं नये. रानांत कोण मोतिया आणि कोण सोफिया, याचा निकाल आजवर अत्तरवाल्यानें दिला नव्हता. तो ओल, ऊन, चरणारीं जनावरें आणि शेजारचीं गवतें यांनीं दिला होता. बाजारांत ज्याला मोल नाहीं, तें रानांत निरुपयोगी आहे असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.

मोठ्या आवारांतील एखाद्या जुन्या तुळशीवृंदावनापाशीं आपण उभे असाल, तर एक गोष्ट अवश्य करून पाहा. दोन निरनिराळ्या घरच्या तुळशींचीं दोन पानें घ्या व डोळे मिटून हुंगा. एकींत लवंगेचा दर्प अधिक, दुसरींत कमी, असा फरक कधीं कधीं सहज कळतो. कारण लवंगेंतलें युजेनॉल व इतर सुगंधी द्रव्यें यांचें प्रमाण सर्व तुळशींत सारखें नसतें. पानाच्या रंगावरून आपण राम तुळस आणि कृष्ण तुळस असा भेद करतों. गंधाचा भेद मात्र डोळ्यांना दिसत नाहीं, तो नाकानेंच जाणावा लागतो. आणि माणसाच्या नाकाला जेथें थोडा फरक जाणवतो, तेथें अळीला, माशीला, शेजारच्या रोपाला कदाचित् सबंध जग वेगळें भासत असेल.

शाळेंत मुलांना मी सांगत असें कीं, पानें मोजा, पाकळ्या मोजा. आज पुन्हां वर्ग भरविण्याची वेळ आली, तर त्यांत एका वाक्याची भर घालीन: बाळांनो, पान मोजून झाल्यावर तें चुरून हुंगा, आणि मग शेजारच्या झाडाचेंहि हुंगा. दोन्ही सारखीं निघालीं तर ठीक. नाहीं निघालीं तर दोन्ही जपा.